उठवावे, पण कोणी? — साने गुरुजींच्या प्रार्थनेविषयी



'खरा तो एकचि धर्म' या साने गुरुजींच्या प्रार्थनेवर लिहितोय म्हटल्यावर आपल्यातलाच एकजण म्हणाला, "ते गाणं त्यांचं. शाळेतलं. त्यात आपलं काय?" दुसरा म्हणाला, "प्रार्थनेवर कुठं टीका असती का?" दोघांनीही ती लहानपणी शेकड्यानं म्हटलेली. दोघांना तोंडपाठ. पण वाचलेली कुणीच नाही. तोंडपाठ गोष्ट माणूस वाचत नसतो. जी गोष्ट वाचत नाही ती डोक्यावर घेणं सोपं आणि फेकून देणंही सोपं. आपण तिसरं काम करू. गाणं समोर ठेवू, त्याचे सांधे उसवू, कुठला टाका पक्का आहे आणि कुठला कच्चा ते बघू.

पहिला सवाल असा की हे गाणं टिकलं कामून? गुरुजींना जाऊन सत्तर वर्षं उलटली. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. त्या पिढीची कितीतरी गाणी पुस्तकात पडून राहिली, जयंतीपुरती निघतात. हे मात्र महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून पोरं अजून म्हणतात. सेवा दलाच्या शिबिरात म्हणतात, कुठं दंगल झाली आणि मागाहून शांतता फेरी निघाली तर तिथंही हेच म्हणतात. हुकुमानं एखादं गाणं दहा वर्षं चालेल. इतकी वर्षं चालतं ते त्याच्या अंगात काहीतरी असतं म्हणून.

अंगात काय आहे? आधी चाल. मी शाळा अर्धी सोडलेला माणूस, वृत्तांचं पुस्तक रद्दीत मिळालं तेव्हा बोटं मोडून शिकलो. एक लघू, मग तीन गुरू. पुन्हा एक लघू, तीन गुरू. लगागागा, लगागागा. मराठीत याला वियद्गंगा म्हणतात, उर्दूवाले हजज म्हणतात, गालिबच्या एका फार गाजलेल्या गझलेचं वजन हेच. वलीच्या आणि सिराजच्या औरंगाबादच्या मुलखात हे वजन काही परकं नाही. एक छोटं पाऊल आणि तीन लांब पावलं. या वजनात धाप लागत नाही. सहा वर्षांचं पोरगं आणि साठ वर्षांचा म्हातारा एका दमात म्हणू शकतात. मी जिनिंगमध्ये काम करतो. रोलरच्या आवाजात नाजूक चाल टिकत नाही, दोन ओळींत मोडते. ही टिकते. सरकी एकीकडं, रुई एकीकडं पडत असते आणि हे वजन मशीनच्या ठोक्यावर आपोआप बसतं.

दुसरी गोष्ट भाषेची. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर होते. पोरांशी बोलता बोलता त्यांची भाषा सोपी झाली. या गाण्यात कोशातून काढावा लागेल असा शब्द जवळपास नाही. आणि ज्या काळात कवी मंडळी चंद्र, प्रेयसी आणि इतिहासातल्या तलवारी यांत रमलेली होती, त्या काळात या माणसानं दुसऱ्याच कडव्यात हीन, पतित, दीन, पददलित यांना आणलं. धर्माची व्याख्या करताना देवळापासून सुरुवात न करता तुडवलेल्या माणसापासून केली. हे छोटं नाही. ज्याला हे दिसत नाही त्यानं विद्रोहाचं नुसतं कातडं पांघरलंय असं मी म्हणीन.

आता तिसरी गोष्ट. माझ्या मते गाणं टिकण्याचं खरं कारण हेच आणि गाण्याची खरी अडचणही हीच. गाण्यातली क्रियापदं बघा. अर्पावे, उठवावे, हसवावे, द्यावे. सगळी 'वे'वर संपतात. व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. काय करायला पाहिजे ते हा 'वे' सांगतो. कोणी करायला पाहिजे ते सांगत नाही. वाक्यात कर्ता नाही. मालक म्हणू शकतो, मजूर म्हणू शकतो. पाटलाचं पोरगं आणि बौद्धवाड्यातलं पोरगं एका रांगेत उभं राहून म्हणू शकतं. कुणाच्याही अंगाला शब्द लागत नाही. ज्या गाण्यात कुणावर बोट नाही ते गाणं सगळ्यांना आपलं वाटतं. सगळ्या पक्षांना, सगळ्या संस्थाचालकांना चालतं. अमर व्हायला आणखी काय लागतं?

पण त्या रांगेतल्या आपल्या पोराची जागा बघा. गाणं सांगतं, जे खाली पडलेत त्यांना जाऊन उठवावं. 'जाऊन' हा शब्द आहे. म्हणजे म्हणणारा एका ठिकाणी उभा आणि पडलेला दुसऱ्या ठिकाणी. मधे अंतर आहे. पुढं आणखी येतं, आपल्यापाशी जे धन असेल, विद्या असेल, ते देत जावं. म्हणणाऱ्यापाशी काहीतरी आहे हे गृहीत धरलेलं. आता आपलं पोरगं कुठं उभं आहे? तोंडानं ते देणाऱ्याच्या जागी आहे. अंगावरच्या सदऱ्यानं ते घेणाऱ्याच्या जागी आहे. ते स्वतःलाच उठवायला जायची प्रार्थना म्हणतंय. आमच्या शाळेत प्रार्थना संपली की मैदान झाडायला नावं पुकारली जायची. ती नावं रोज बदलायची, वाडा बदलायचा नाही. शेजारचं पोरगं तेच गाणं म्हणून वर्गात जाऊन बसायचं. त्याला गाण्यात खोट कधी दिसली नसणार. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. गाण्यानं त्याला काही विचारलंच नव्हतं.

त्याहून मोठी रिकामी जागा दुसरी आहे. गाण्यात पडलेला आहे, उठवणारा आहे, पाडणारा नाही. जणू माणसं पावसानं पडली. जोहार घालायला कुणी लावलं, पाणवठा कुणी बंद केला, जमीन कुणी घेतली, यातलं एकही नाव गाण्यात नाही. सगळी एकाच प्रभूची लेकरं, म्हणून कुणाला तुच्छ समजू नये, असं त्याचं म्हणणं. म्हणजे माझी किंमत माझ्या माणूसपणावर नाही, बाप एक असण्यावर टिकलेली. आणि त्या बापाच्या देवळाच्या पायरीशी चोखोबांना ठेवलं ते कुणी? लेकरं सारखी होती तर एकाला गाभारा आणि एकाला महाद्वार अशी वाटणी कशी झाली?

इथं थांबून गुरुजींशी इमान राखलं पाहिजे. गाण्यात त्यांनी कर्ता लिहिला नाही, पण आयुष्यात एकदा तो भरला. १९४७ साली आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे ते १० मे पंढरपुरात उपोषणाला बसले. मागणी एक, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना उघडा. बडव्यांचा विरोध होता, सनातन्यांनी शिव्या घातल्या. मंदिर उघडलं तेव्हाच ते उठले. दुसऱ्यासाठी प्राणही द्यावा असं गाण्याच्या शेवटी आहे. लिहिणाऱ्यानं ते 'द्यावे'चं 'देईन' करून दाखवलं. आपल्या भाषेत असे कवी किती? ओळ लिहून झाल्यावर तिच्याखाली स्वतःचा देह ठेवणारे? एका हाताच्या बोटांवर मोजा.

पण तारखाही नीट लावू. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. पाचेक वर्षं आपल्या बापजाद्यांनी दगड खाल्ले, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. येवला आपल्यापासून लांब नाही, वैजापूर ओलांडलं की आलंच. म्हणजे पंढरपूरचं दार उघडलं तेव्हा आपल्या माणसांनी त्या दाराकडं पाठ फिरवून बारा वर्षं होत आली होती. गुरुजींनी प्राण पणाला लावून जे दिलं ते मागणारी रांगच हलली होती. यात गुरुजींचा कमीपणा नाही. पण 'जाऊन उठवावे' या भूमिकेची मर्यादा इथं उघडी पडते. उठवणारा प्रेमानं येतो, पण कुठं उठायचं हे तोच ठरवून येतो. पडलेल्याला विचारत नाही, की बाबा, तुला देऊळ पाहिजे का पाणी, जमीन, शाळा, का दुसराच धम्म?

आपल्या कन्नडच्या घाटाखाली चाळीसगाव आहे. २३ ऑक्टोबर १९२९ ला बाबासाहेब तिथं उतरले. महाराच्या माणसाला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड निघाली, टांगा भाड्यानं देऊ, हाकणार नाही. वस्तीतल्याच एकानं लगाम धरला, त्याला सवय नव्हती, मोरीवर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. त्याच साली त्याच खानदेशात साने गुरुजी अमळनेरला पोरांना प्रेमाचा धर्म शिकवत होते. एकाच जिल्ह्यात दोन शाळा चालू होत्या म्हणा. एका शाळेत जगावर प्रेम करायला शिकवत होते. दुसऱ्या शाळेत टांगेवाला शिकला होता की गरीब असलो तरी ह्याचा टांगा हाकणार नाही. दुसरी शाळा दोन हजार वर्षं जुनी, तिला मास्तर लागत नाही, प्रार्थना लागत नाही. आणि तो टांगेवाला कुणी धनवान नव्हता. गाण्याच्या हिशोबानं तोही दीनच. दीनानं दीनाला कसं पाडलं याचा जबाब गाण्यापाशी नाही. बाबासाहेबांच्या जातीच्या मीमांसेपाशी आहे.

मराठवाड्यात राहून १९७८ विसरता येत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि गावंच्या गावं पेटली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंना जिवंत जाळलं. वस्त्या जाळणारे हात कुणाचे होते? शाळेत गेलेल्यांचे होते, कॉलेजात गेलेल्यांचेही होते. दगडावरच्या अक्षरासाठी सोळा वर्षं गेली, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोही 'मराठवाडा' शब्द मागं ठेवून. २५ नोव्हेंबर १९९३ ला गौतम वाघमारेंनी नांदेडला स्वतःला पेटवून घेतलं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि हे जुनं झालं म्हणावं तर २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात नितीन आगे या शाळकरी पोराला शाळेच्या आवारातून मारत नेलं आणि संपवलं. २०१७ साली कोर्टात सगळे आरोपी सुटले. नितीनला मारलं कुणी? कोर्टाच्या कागदावर आज कर्ता नाही. हे वाक्य लिहिताना मला 'वे'ची आठवण झाली, म्हणून हा सगळा लेख.

कुणी म्हणेल, एका गाण्याकडून किती मागतोस? गाणं काय लाठी अडवणार आहे? बरोबर. कुठलंच गाणं लाठी अडवत नाही. माझी तक्रार तेवढी नाही. माझं म्हणणं असं की हे गाणं म्हणताना माणसाला बरं वाटतं, आणि बरं वाटायची किंमत द्यावी लागत नाही. ज्या शांततेत कुणाला काही सोडावं लागत नाही ती शांतता टिकते खरी, पण जो वर आहे त्याच्या सोयीनं टिकते.

मग आपण शांततेच्या, प्रेमाच्या विरोधात आहोत का? अजिबात नाही. आपल्याला धम्म दिला त्या बुद्धानं वैरानं वैर शमत नाही हे सांगितलंय. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांपर्यंत जाणारी, आणि बुद्ध करुणेवर थांबला नाही, पुढं मैत्रीवर गेला, असं त्यांनी मांडलं. माझ्या मजुराच्या बुद्धीला त्यातून आणखी एक गोष्ट कळते. करुणेत एक वर आणि एक खाली असू शकतो. मैत्रीत चालत नाही. मित्र म्हणायचा तर शेजारी बसवावा लागतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी हेच बजावलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन वेगळ्या पुड्या नाहीत, एक काढली की बाकीच्या दोन निकामी. गुरुजींच्या गाण्यात बंधुता गच्च भरलेली आहे. समता तिच्या मागं सावलीसारखी येते. आणि पडलेल्याचं स्वातंत्र्य, त्याची स्वतःची जबान, कुठंच येत नाही. त्यांची प्रार्थना करुणेची फार मोठी कविता आहे. मैत्रीची कविता व्हायला ती एक पायरी कमी पडते.

आपल्याच तालुक्यात पितळखोरा आहे. लेणी बघायला गेलात तर नुसते फोटो काढून येऊ नका. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून तिथं बौद्ध भिक्खूंसाठी डोंगर कोरत होते. तिथं सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय, कन्हदास सोनार. ती मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात पैठणचा सुगंधी द्रव्याच्या धंद्यातल्या कुळाचा मितदेव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात वाक्य पूर्ण होत होतं. कोणी दिलं, कोणी घडवलं, नावानिशी. आमच्या मिलमधून रुईची गाठ बाहेर पडते तिच्यावर नंबर असतो, मिलचा मार्का असतो, बांधणाऱ्याचं नाव नसतं. कर्ता गाळायची सवय व्याकरणातून आलेली नाही. ती कारखान्यातून, वाड्यातून, वतनातून व्याकरणात आलीय.

आता एक परदेशातला दाखला. आपण मोर्चात 'होंगे कामयाब' म्हणतो, ते गिरिजाकुमार माथुरांनी हिंदीत आणलं. मूळ अमेरिकेतलं, काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेलं. आधी त्यात 'मी' होता, मी तरून जाईन. १९४५-४६ मध्ये चार्ल्सटन गावात सिगार कारखान्याचा संप झाला. संपावर बहुतेक काळ्या बायका होत्या. गेटवर थंडीपावसात उभ्या राहून त्यांनी ते गाणं म्हटलं आणि त्यातल्या 'मी'चं 'आम्ही' केलं. एका शब्दाचा बदल. पुढं तेच गाणं नागरी हक्कांच्या लढ्याचं झालं आणि जगभर गेलं. कवींनी केलं नाही, कामगार बायांनी केलं. म्हणजे गाणं दगड नसतं. ज्याच्या तोंडात जातं त्याला त्याचं सर्वनाम बदलायचा हक्क असतो. तेही शांतीचंच गाणं आहे, पण त्यात कर्ता उभा आहे, हातात हात धरून उभा आहे.

आपल्या घरातही जरा बघू, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादा कर्डकांपर्यंत आपल्या गाण्यात कर्ता आहे, पाडणाराही आहे, त्याचं नाव घ्यायला आपले शाहीर घाबरले नाहीत. म्हणून ती गाणी शाळेच्या प्रार्थनेत आली नाहीत आणि म्हणूनच वस्तीतून गेलीही नाहीत. पण आजकाल जयंतीला जी गाणी डीजेवर वाजतात ती ऐका. त्यात कर्ता एकच उरलाय, बाबासाहेब. सगळं त्यांनी केलं, आपण फक्त नाचायचं. गुरुजींच्या गाण्यात कर्ता नाही म्हणून कुणी काही करत नाही, आणि या गाण्यांत कर्ता आधीच सगळं करून गेलाय म्हणून कुणी काही करत नाही. निकाल दोन्हीकडं सारखाच. वामनदादांनी हे नव्हतं शिकवलं. त्यांच्या गाण्यात ऐकणाऱ्याला काम लावलेलं असतं.

तर निवाडा असा. गाणं टिकलं ते वजनानं, सोप्या भाषेनं, आणि तुडवलेल्या माणसाला धर्माच्या मध्यभागी आणणाऱ्या एका सच्च्या माणसाच्या धडपडीनं. आणि टिकलं ते कुणालाच जाब विचारत नाही म्हणूनही. दोन्ही कारणं खरी आहेत. पहिल्यासाठी गुरुजींना जय भीम. दुसऱ्यासाठी गाण्याला प्रश्न.

शाळेतून ही प्रार्थना काढा असं मी म्हणणार नाही. काढून तिच्या जागी काय येईल याचा भरवसा आज कुणी देऊ शकत नाही, आणि जे येईल त्यात पददलित हा शब्दही असणार नाही. आपल्या पोरांना ती म्हणू द्या. फक्त घरी आल्यावर एक सवय लावा. प्रत्येक 'वे'पुढं विचारायचं, कोणी? उठवावे, कोणी? द्यावे, कोणी? आणि आधी एक सवाल, पाडलं कोणी? हे विचारणारं पोरगं रांगेत उभं राहील तेव्हा प्रार्थना तीच असेल, पण ऐकणाऱ्या मास्तरला ती पहिल्यांदा ऐकू येईल.

कन्नड, सिल्लोड, वैजापूर, खुलताबादच्या कार्यकर्त्यांना एक काम. आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना जात्यावरची, शेतातली, जलशातली गाणी पाठ आहेत. त्या बसल्या की गोळा करा, आणि प्रत्येक गाण्याखाली लिहा, कर्ता कोण, पाडणारा कोण. सांगणाऱ्या बाईचं नाव तिला विचारून, तिची मर्जी असली तर, गाण्याच्या वर लिहा. अंकात जागा कमी आहे, स्टेन्सिलचा खर्च वाढलाय. तरी नाव गाळू नका.